अर्ध्या पायरीवर

गेल्या महिन्यात माझ्या एम. ए.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला. चार सत्रांपैकी दोन पार पडली. वय एकोणपन्नास, विषय मराठी, विद्यापीठ आमच्या नाशिकचेच, म्हणजे 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. ती गंगा आमच्या घरी आली, ती थेट स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी स्वाध्याय लिहिले.

निकाल लागला आणि नेमका तेव्हाच धीर खचला. आरंभी उत्साह असतो, शेवटी पदवी दिसत असते. मध्यावर मात्र दोन्हीही नसतात. दुसऱ्या वर्षाची फी भरावी की लेकाच्या क्लासला ते पैसे द्यावेत, हा हिशेब मनात चालू झाला.

अशातच पुण्याहून वन्सं आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता.

"वहिनी, या वयात एवढी गुंतवणूक करायची, तर परतावा काय?"

मला उत्तर सुचले नाही. रविवारी त्यांना पांडवलेणी दाखवायला नेले.

मुंबई-आग्रा रस्त्यावर, शहरापासून सात-आठ किलोमीटरवर ही त्रिरश्मी टेकडी. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक, वर चोवीस लेणी. अर्ध्या पायऱ्या चढून झाल्यावर वन्सं मटकन खाली बसल्या. "मी येथूनच नमस्कार करते," म्हणाल्या. खाली शहर ऊन खात पसरले होते. वर पाहावे तर लेणी दिसत नव्हती, खाली पाहावे तर निघालो ती जागा दूर राहिली होती. माझ्या एम. ए.सारखीच अवस्था! घोटभर पाणी प्यालो आणि उठलो.

दहाव्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर, छताखाली, ब्राह्मी लिपीतला लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तो कोरविला. आपल्या भाषेची पाळेमुळे शोधताना मी ब्राह्मीची थोडी अक्षरे गिरवली होती. लांब दांड्याची फुली दिसली आणि मी जवळजवळ ओरडलेच, "तो पाहा, क!"

मग वन्संना लेखातला मजकूर सांगितला. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, हजारांवर पाऊण. त्या दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

वन्संचे ओठ हलू लागले. "महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस! हिशेब चोख आहे हो. आणि मुद्दल?"

"मुद्दल परत मागायचे नाही. अक्षयनीवी म्हणतात तिला. मोडायची नाही, व्याज तेवढे वापरायचे."

"म्हणजे न मोडायची ठेव," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्या फुलीकडे पाहत राहिल्या.

गंमत अशी, की आमचे विद्यापीठही आज गंगापूर धरणाच्या बाजूला, गोवर्धन गावाजवळच आहे. विणकरांच्या श्रेणी गेल्या, नहपान गेला, ते कार्षापण गेले. ठेव ठेवणारे गाव मात्र अजून ठेवी घेतेच आहे! माझेही एक वर्ष तेथे जमा झाले. पदवी मिळायची तेव्हा मिळेल. पण जी भिंत इतकी वर्षे मला नुसता दगड होती, तिच्यावरचे एक अक्षर आज वाचता आले. व्याज चालू झाले होते. माझ्याच ते ध्यानात आले नव्हते.

उतरताना वन्सं पुन्हा त्याच पायरीवर टेकल्या.

"वहिनी, फी भरायची शेवटची तारीख कधी?"

"परवा."

"मग उद्याच भरा. शेवटच्या दिवशी काउंटरवर काय गर्दी उसळते, ते मी सारा जन्म पाहिले आहे."

फी आता घरबसल्या फोनवरूनच भरता येते, हे मी त्यांना सांगितले नाही. "बरं," एवढेच म्हणाले.