हस्त सरला, धान निसवला

सूर्य हस्त नक्षत्रात येतो २७ सप्टेंबरच्या सुमारास आणि १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रात जातो. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातल्या आमच्या अड्याळच्या माणसाला हे पंचांग न उघडता ठाऊक असतं, कारण या पंधरवड्यात धान पोटरीत असतो. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी उभं असलं तर लोंबी भरते, नसलं तर पोचट राहते. पंपाचं पाणी, कालव्याचं पाणी ज्याच्या शेतापर्यंत पोचतं त्याचं थोडं बरं. बाकीच्यांचं वर्ष हत्तीच्या, म्हणजे हस्ताच्या, पावसावर. या दिवसांत रस्त्यात कुणी भेटलं, की तब्येतीच्या आधी विचारणा होते, ‘निसवला का?’ म्हणजे धानाची लोंबी बाहेर पडली का.

*

दसऱ्याला नीलकंठ दिसावा म्हणून लोक सकाळीच शिवाराकडे निघतात. शोधावा लागत नाही. भंडारा-पवनी रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा पाहत गेलं की एखादा बसलेला दिसतोच. बसलेला असताना तपकिरी, मळकट वाटतो. उडाला की पंखातला निळा रंग उघडतो, फिका आणि गडद असा दोन पट्ट्यांचा. तो तारेवर बसतो ते खालच्या बांधीतले नाकतोडे टिपायला. एकेक नाकतोडा उचलतो, तारेवर आपटतो, गिळतो. शकुन मानणारे आणि न मानणारे, दोघांच्याही धानाला त्याचा उपयोगच आहे.

*

आता तलावाविषयी, कारण या ऋतूत माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

आमच्या जिल्ह्याचे जुने तलाव कोहळी समाजाच्या मंडळींनी बांधले, गोंड राजांच्या काळापासून. पुढे ते मालगुजारांकडे आले. जुन्या मध्य प्रदेश राज्यात १९५०चा कायदा होऊन मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर ‘माजी मालगुजारी’ असं नाव पडलं. बोलण्यात मामा तलाव. पाळ, पाळीवरची झाडं, पाणी सोडायचं तुडूम, पाण्याखालची बांधी, हे सगळं एकच घर आहे. त्यातलं एक मोडलं की बाकीचं खचतं. गाळ साचला, काठावर बेशरम ही झुडपं माजली, मासे गेले, पाखरं गेली, अशी साखळी किती तरी गावांनी पाहिली आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना सोबत घेऊन काही तलावांतून बेशरम काढली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे परत आणले. मला या भागात झालेल्या फार मोलाच्या कामांपैकी हे एक वाटतं आणि त्याविषयी आपण पुरेसं बोलत नाही याचं वाईटही वाटतं.

आश्विनात तलावात शिंगाडा तयार असतो. पाण्यावर पानांची चक्रं पसरलेली असतात, वरून हिरवी, खालून तांबूस. डोंग्यात किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून माणूस एकेक चक्र उचलतो, उलटं करतो, देठाशी लटकलेली फळं खुडतो आणि चक्र जसं होतं तसं पाण्यावर ठेवून देतो. वेल तुटायला नको, त्याच वेलीवर पुढची खुडणी असते. पाण्यात उतरलेला माणूस दुपारपर्यंत वाकलेलाच. घरी बायका शिंगाडे उकडतात, साल काळीभोर होते आणि टोपलं बाजारात येतं. सोलायची रीत अशी: दोन्ही शिंगं आधी मोडायची, मग मधे चीर पाडून दाबायचं. आतला गर गरम असतानाच खावा. गार झाला की पिठूळ लागतो.

भाव करणाऱ्यांना एक सांगणं. त्या टोपल्यामागे कुणाचा तरी सबंध दिवस पाण्यात गेलेला असतो. शिंगाड्याला घासाघीस करू नये.

*

संध्याकाळी बांध्यांवर पिवळसर चतुरांचे थवे. हजारोंनी, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, न बसता फिरत राहतात. पाऊस ओसरला की ही जात भारतातून निघते आणि हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे जाते, असं मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडलं. उघड्यावर गोडं पाणी जवळजवळ नसलेल्या त्या बेटांवर ऑक्टोबर उजाडला की एवढे चतुर येतात कुठून, इथून त्यांचा शोध सुरू झाला. यातले किती आपल्या बांधीत जन्मले असतील कोण जाणे. शेजारच्या पोरांना हे सांगितलं, तेव्हापासून ती चतुराच्या शेपटीला दोरा बांधत नाहीत.

*

हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाचं पाणी सोडायला लागले. धुऱ्याला फावड्याने एक तोंड पाडतात, पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. त्या तोंडाशी कामट्यांचा सापळा लावून मुलं बसलेली. बारीक मासोळ्या, झिंगे. घरी पोचेपर्यंत निम्मे निसटतात, तरी रात्री रस्सा होतो.

पाणी उतरलं, चिखल अजून मऊ आहे, धान उभाच आहे, अशा वेळी त्याच धानात लाखोळी फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगर नाही, वखर नाही, वेगळं पाणी नाही. धान कापला जातो तोवर खाली लाखोळीचे कोंब वर आलेले असतात आणि उरलेल्या ओलीवर ती उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात येते. लाखोळीच्या कोवळ्या पानांची भाजी ज्याने खाल्ली नाही त्याने या भागात एक हिवाळा काढावा.

*

माझा छंद लोंब्या जमवायचा. ज्याच्या बांधीत जुनं वाण असेल त्याला विचारून पाच-सहा लोंब्या घेतो, सुताने बांधतो, चिठ्ठीवर वाण, गाव आणि साल लिहितो. लुचई, हिरानक्की, चिन्नोर. चिन्नोरची लोंबी हातात घेतली तर दाणा बारीक, टोकाकडे निमुळता, आणि तळहातावर चोळला की कच्च्या दाण्यालाही वास येतो. भंडाऱ्याच्या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे काही तरुण पुन्हा तो लावतात. पण उतारा कमी, उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो. २०२५-२६च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, आणि खरेदी केंद्रावर वासाला वेगळा भाव नसतो. म्हणून ज्याला थेट गिऱ्हाईक मिळालं तोच चिन्नोर टिकवतो. नागपूर-पुण्यातल्या नातेवाईकांनी वर्षाचा तांदूळ ओळखीच्या शेतकऱ्याकडून नेला, तर हे वाण वाचेल. मी माझ्या परीने त्यांना चिठ्ठ्या पाठवत असतो.

जास्तीच्या लोंब्यांचं तोरण दारावर. चिमण्या पंधरा दिवसांत साफ करतात.

*

पवनीला जाऊन आलो.

पवनीचा परकोट, खंदक, दरवाजा लोक पाहतात. जगन्नाथ टेकडीवर फार कुणी जात नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी. मातीखालून मोठा बौद्ध स्तूप निघाला, मौर्यांच्याही आधीपासूनच्या वस्तीच्या खुणा निघाल्या. एका खांबावर पाच फण्यांचा नाग कोरलेला आणि शेजारी ब्राह्मी अक्षरांत त्याचं नाव, मुचरिंद नाग. पावसात ध्यानस्थ बुद्धावर फणा धरणारा तो हाच. धानाच्या आणि पुराच्या या मुलखात दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी नेमका तो नाग कोरावासा वाटला, याचा विचार करत मी टेकडीवर बराच वेळ बसलो. गवत कमरेएवढं वाढलेलं होतं. शाळांच्या सहली गोसेखुर्दचं धरण पाहायला जातात, तशा इथेही याव्यात.

*

रात्री पीक राखायला, जागलीला एकट्याने जाऊ नका, हे आता प्रत्येक गावात सांगणं आहे. रानडुकरं एका रात्रीत बांधी लोळवतात, म्हणून मचाणावर जावं तर लागतं. पण उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं अभयारण्य जवळ. २०१६मध्ये दिसेनासा झालेला ‘जय’ वाघ इथेच वावरायचा. धान कापणाऱ्या बायका वाकून काम करतात आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. पाच-सात जणींनी एका रांगेत, बोलत-बोलत कापावं. शांत राहू नये.

*

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. पाचला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला सालिम अलींचा. चितमपल्ली १८ जून २०२५ला गेले. त्यांनी नवेगावबांधच्या तलावावर वर्षं काढली, तिथली पाखरांची नावं ढिवरांच्या, गोंडांच्या तोंडून टिपली आणि मराठीला दिली. त्या निमित्ताने मुलांना घेऊन तलावावर गेलो. कमळपक्षी, वारकरी, अडई, हळदी-कुंकू बदक. धोबी तर सप्टेंबर सरताच आले होते. दुर्बीण एकच असल्याने प्रत्येकाला थोडा थोडा वेळ. एका मुलीने चक्रवाकाची जोडी सर्वांत आधी ओळखली, दुर्बीण न घेता, नुसत्या नारिंगी रंगावरून.

*

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन. शेणाचा गोवर्धन मांडतात, सजवलेल्या गाई त्यावरून नेतात, गोवारी बांधवांची ढाल निघते. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा. एका गावची आज, शेजारच्या गावची उद्या किंवा परवा. तारखा एकमेकांना सांभाळून ठरतात, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. माहेरी आलेल्या लेकी भाऊबीज आटपून लगेच निघत नाहीत, मंडई करूनच जातात. दिवसा दंडारीचं लोकनाट्य, दुकानं, पाळणे. रात्री नाटक.

झाडीपट्टीच्या नाटकाचा हंगाम इथून सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. मंडळ्या बहुतेक वडसा देसाईगंजच्या. रात्री दहा-अकराला पडदा वर जातो आणि पहाटे लोक घोंगड्या झटकत उठतात. कथा सामाजिक, मधे गाणी, लावणी, विनोद. २०२३मध्ये या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागातल्या घराघरांत आनंद झाला होता. ‘भडक असतं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा थंडीत बसून पाहावं. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, तिकीट काढून, रात्रभर जागून नाटक पाहणारा एवढा प्रेक्षक महाराष्ट्रात आणखी कुठे आहे ते मला दाखवावं. नटाचं वाक्य चुकलं तर मागच्या रांगेतून दुरुस्त होतं, कारण मागच्या रांगेतला माणूसही गावच्या दंडारीत उभा राहिलेला असतो.

आमच्याकडच्या नाटकाची तारीख ठरली आहे. भारी धान असलेल्यांनी त्या दिवशीची कापणी एक दिवस पुढे ढकलली.