चकलीची लंगडी

"चकलीचा पाय कसा आहे आता?" हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारलाय, आणि प्रत्येक प्रश्नामागे इतके सल्ले आलेत, की एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं म्हटलं. नाशिकच्या मामी, ठाण्याची ताई आणि घरात छोटी कुत्री बाळगणारे सगळे दोस्त, हे तुमच्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. चकली म्हणजे आमची कुत्री. पांढरीशुभ्र, झुपकेदार, शेपूट पाठीवर गोल वळलेलं म्हणून चकली. वय वर्षं ४. सगळे तिला पामेरियन म्हणतात, पण ती आहे इंडियन स्पिट्झ. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' मधला टफी बघून ज्या कुत्र्यांचं वेड घराघरांत लागलं ना, त्यातलीच.

तर झालं असं की चालता चालता ती मागचा डावा पाय वर उचलायची, तीन-चार पावलं चक्क लंगडी घालायची, मग पाय एकदा मागे झटकायची आणि जणू काही झालंच नाही अशी पुढे निघायची. रडणं नाही, कुईकुई नाही. सोसायटीतल्या मुलांना तर हा प्रकार भारी आवडायचा. डॉक्टरांनी गुडघ्यावर अंगठा ठेवून पाय जरासा वळवला आणि म्हणाले, "वाटी सरकतेय हिची."

आता 'गुडघ्याची वाटी' म्हटलं की मराठी घरात पुढचा शब्द ठरलेला: झिजली. आमच्या आईंची (म्हणजे सासूबाईंची) झिजलीय, मामींनी तर दोन्ही बदलून घेतल्यात. त्यामुळे चकलीलाही 'वाटीचं' आहे म्हटल्यावर सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला, की आईंची ग्लुकोसामीनची गोळी आहे ना, तसलंच काहीतरी हिलाही सुरू करा. कुत्र्यांसाठी ते मिळतंही. सिरप आहे, चघळायच्या गोळ्या आहेत, पावडर आहे. डब्यावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याचा फोटो. बघूनच पाकीट उघडावंसं वाटतं.

पण झिजणं वेगळं आणि सरकणं वेगळं. हे मला डॉक्टरांपेक्षा बाबांमुळे जास्त नीट कळलं. बाबा म्हणजे माझे सासरे, भोसरी एमआयडीसीत उभी हयात मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेलं चित्र त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा तर बेल्ट उतरतोय!"

आणि खरंच तसंच आहे. मांडीचा मोठा स्नायू खाली येतो, गुडघ्यावरून जातो आणि नडगीच्या हाडावरच्या एका उंचवट्याला जोडलेला असतो. वाटी त्या पट्ट्यातच बसवलेली. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खाच असते आणि पाय वाकेल तशी वाटी त्या खाचेतून वरखाली धावते. छोट्या कुत्र्यांत पुष्कळदा ही खाच उथळ असते, किंवा खालचा उंचवटा आतल्या बाजूला गेलेला असतो, म्हणजे ओढ तिरकी. मग वाटी खाचेतून निसटून आतल्या बाजूला जाते, पाय सरळ होईना म्हणून कुत्रं तो उचलून धरतं, आणि झटकला की पुन्हा जागेवर. हीच ती लंगडी. बाबांचं म्हणणं असं की पुलीची खाच उथळ असेल आणि लाइन बाहेर असेल, तर वरून कितीही ग्रीस मारा, बेल्ट उतरणारच.

सिरपचं नेमकं हेच आहे. ते ग्रीसच्या जातीचं. खाच खोल करणं किंवा हाड सरळ करणं हे त्याचं कामच नाही.

मग ते अगदीच निरुपयोगी का? तर इथे जरा थांबायला हवं. वाटी वर्षानुवर्षं घसरत राहिली की कूर्चा घासली जाते आणि पुढे खरोखरची झीज, म्हणजे संधिवात, सुरू होतो. या झिजेवर काहीतरी करता येईल या आशेवर हा सगळा बाजार आहे. ग्लुकोसामीन येतं बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून, काँड्रॉइटिन येतं जनावरांच्या कूर्चेतून. कल्पना सरळ आहे, जे झिजलं तेच खाऊ घाला. पण खाल्लेली वस्तू हव्या त्याच जागी जाऊन बसते असं थोडंच आहे? अमेरिकेत गुडघेदुखीच्या १५८३ माणसांवर मोठी चाचणी झाली होती. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि एकूण रुग्णांत या गोळ्या खोट्या गोळ्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. कुत्र्यांवरचे छोटे अभ्यास कधी हो म्हणतात, कधी नाही. २०२२ साली कॅनडातल्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात ओमेगा-३ ने दुखणं कमी होताना दिसलं, आणि ग्लुकोसामीन-काँड्रॉइटिन जवळपास नापासच झालं.

म्हणून आमच्याकडे सध्या फक्त माशाचं तेल चालू आहे, तेही डॉक्टरांनी तिच्या वजनावरून मोजून दिलेलं. (कॉड लिव्हर ऑइल नव्हे हं! त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं, ते जास्त झालं तर बाधतं.) त्यानेही वाटी जागेवर बसणार नाही, हे मनाशी पक्कं धरून.

आता आलेल्या सल्ल्यांबद्दल, प्रेमाने पण स्पष्टच.

मामी, डिंकाचे लाडू नकोत. तुमचे लाडू जगात भारी आहेत, पण त्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं-बेदाणे-मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कॅल्शियमचं सिरपही नको, हा कॅल्शियमच्या कमतरतेचा आजारच नाही. आणि आपल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी तर कुणीही, कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, यातली "अर्धी दिली तर काय होतंय" म्हणून दिलेली गोळी एवढ्याशा जिवाला भलतीच महागात पडू शकते. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती डॉक्टरच लिहून देतात. आईंच्या ग्लुकोसामीनच्या गोळ्या आईंनाच लखलाभ. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत कधीकधी झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्यांना विषच.

मग करायचं काय? जे करायचं ते बाटलीत मिळत नाही, हीच तर अडचण आहे.

पहिलं म्हणजे वजन. चकली साडेसात किलोची झाली होती, हवी होती सहाची. दीड किलो म्हणजे काय मोठंसं असं वाटतं, पण हिशेब करा, साठ किलोच्या बाईच्या अंगावर पंधरा किलो! याचं मूळ बाबांच्या चहात होतं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन ग्लुकोज बिस्किटं चकलीची, हा गेल्या चार वर्षांचा करार. चार बिस्किटं म्हणजे तिच्या दिवसभराच्या खाण्याचा जवळजवळ पाव हिस्सा. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांना जन्मभर पाहून २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांतल्या निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं होतं. ती कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवातही उशिरा आला. इतका चांगला आकडा मला कुठल्याही डब्यावर दिसला नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. आता त्यांच्या बशीत गाजराच्या चकत्या असतात. चकली त्या खाते, पण बाबांकडे बघत बघत खाते :)

दुसरं म्हणजे फरशी. आपल्या फ्लॅटमधल्या या गुळगुळीत टाइल्स म्हणजे अशा पायांचा शत्रू. बाबांनी चिंचवडच्या एका दुकानातून रबरी मॅट आणली, मशीनपुढे कामगार उभा राहतो तिथे टाकतात तसली. हॉल काळाकुट्ट दिसतो, पण पाय सरकत नाही. पंजांमधले केस आणि नखं वेळच्या वेळी कापतो, त्यानेही पकड येते.

तिसरं म्हणजे उड्या. निखिल चाकणला कामाला आहे. सेकंड शिफ्ट असली की कंपनीची बस मध्यरात्रीनंतर भक्ती-शक्ती चौकात सोडते. जिन्यात त्याची पावलं वाजली की ही दिवाणावरून थेट दारात झेप घ्यायची. आता दिवाणाला लागून एक बसकं स्टूल आहे, आणि त्याच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात चकली खालीच गादीवर झोपते. स्कूटरच्या फूटबोर्डवरून उडी मारणंही बंद. उचलून घ्यायचं, उचलून ठेवायचं.

आणि चौथं, चालणं. पळापळ नाही, बॉल नाही. पट्टा लावून, सावकाश, रोज. निगडीत दुर्गा टेकडीच्या बाजूला बेताचे चढ आहेत. चढावर मांडीचे स्नायू कामाला लागतात आणि तेच वाटीला धरून ठेवायला थोडी मदत करतात.

हे सगळं पुरेल का? ते दुखणं कितव्या पायरीवर आहे यावर आहे. १९६८-६९ च्या सुमारास पटनम आणि सिंगलटन या दोघांनी घालून दिलेल्या चार पायऱ्या डॉक्टर अजून वापरतात. पहिलीत वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि लगेच परत येते. दुसरीत आपली आपण सरकते, आपली आपण परत येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने आत बसवता येते. चौथीत कायमची बाहेर. चकलीचा डावा पाय दुसरीत, उजवा पहिलीत. तिसऱ्या-चौथ्या पायरीला बहुधा ऑपरेशनच लागतं. त्यात खाच खोल करतात आणि नडगीवरचा उंचवटा हाडाच्या तुकड्यासकट सरळ रेषेत आणून पिनने बसवतात. बाबांच्या भाषेत, पुली बदलली, लाइन जुळवली. मग दीड-दोन महिने सक्तीची विश्रांती.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा पॉम तिसऱ्या पायरीवर होता. ऑपरेशनचं ऐकून काका घाबरले. दोन वर्षं सिरप देत राहिले, प्रत्येक बाटलीला "फरक वाटतोय" म्हणायचे. अशा कुत्र्यांत गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचीही भीती असते, आणि एक दिवस तो पाय टेकेचना. नंतर ऑपरेशन झालं, पण तोवर सांधा बराच खराब झाला होता. काकांनी कंजूषपणा केला नव्हता, उलट पैसे खूप खर्च केले होते. मला सिरपची भीती वाटते ती एवढ्याचसाठी. ते चमचाभर ओतलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि खरं करायचं ते लांबत जातं.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. मुंबईच्या मंडळींनी परळला चौकशी करावी. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे, आणि त्याच आवारात आपलं बैलघोडा हॉस्पिटल.

शेवटचं, ताईसाठी. तू पिल्लू मागितलं होतंस. ही खोड बहुतेक वेळा रक्तातून येते, म्हणून चकलीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत असं आम्ही ठरवलंय. आईंना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण कुत्रं हवंच असेल तर कुठूनही घेण्याआधी पिल्लाच्या आईला चार पावलं चालताना बघ. लंगडी घालत असेल तर पैसे देऊ नकोस.

असो. कालचं वजन सहा किलो आठशे. लंगडी दिवसातून पाच-सहा वेळा दिसायची, आता एखाद-दुसरी. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तोवर ऑपरेशनसाठीचे पैसे बाजूला ठेवतोय. सिरपचे वाचलेले त्यातच टाकतोय.