आग्र्याचे कार्ड

या घटकाच्या शेवटी तुम्हांला एका प्रवासाचे वर्णन लिहायचे आहे. तुमच्यापैकी कोणी कारखान्यातली पाळी संपवून, कोणी मुलांना झोपवून हे पुस्तक उघडले असेल. आपल्या हातून लांबचा प्रवास कधी घडलाच नाही, मग लिहायचे काय, अशी शंकाही एखाद्याच्या मनात येईल. त्या शंकेचे उत्तर माझ्याजवळ आहेच असे नाही. मला तुमच्यापुढे एक कबुली मात्र द्यायची आहे. मी आयुष्यात लिहिलेले पहिले प्रवासवर्णन खोटे होते.

ते पोस्टकार्डांवर लिहिलेले होते. १९८९ च्या डिसेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी, मी सिन्नरहून एकटाच उत्तरेकडे निघालो. आग्रा, दिल्ली आणि काशी पाहून परत यायचे, असा बेत होता. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओलसर पाने आणि तंबाखू, आणि नजर वर न उचलता चालणारी बोटे, हे माझ्या लहानपणीचे रोजचे दृश्य. त्या मजुरीतून बाजूला टाकलेले चारशे रुपये तिने माझ्या हातावर ठेवले आणि दोनच गोष्टी सांगितल्या: येताना गंगेचा गडू आण आणि पोचलास की कार्ड टाक. तिला वाचता येत नव्हते. कार्ड धाकटी बहीण वाचून दाखवणार होती.

नाशिकरोडला पंजाब मेलमध्ये बसलो. अंगात दोन स्वेटर आणि त्यांवर मामांचा कोट. सिन्नरची थंडी सोसलेल्या माणसाला थंडीचे काय, असा तोरा मनात होता. भुसावळनंतर झोप लागली, त्यामुळे बुऱ्हाणपूर केव्हा गेले ते कळले नाही. शहाजहानची मुमताज १६३१ साली वारली ती या बुऱ्हाणपुरात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा देह तिथून आग्र्याला हलवण्यात आला. म्हणजे तीही याच दिशेने आणि याच ऋतूत गेली होती. हे मला ठाऊक असते, तर मी खिडकीशी जागा राहिलो असतो, असे आज वाटते. त्या वयात बहुधा तरीही झोपलोच असतो.

गाडी फार उशिरा आग्र्याला पोचली. रात्र स्टेशनावरच काढली आणि तिथेच आईला कार्ड लिहून पेटीत टाकले. ताजमहाल अजून पाहायचा होता. पण उद्या घाईत राहून जाईल, असे वाटले. शिवाय काय लिहायचे ते मला आधीपासून पाठ होते. शाळेत ताजमहालावर निबंध लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. शुभ्र संगमरवर, यमुनेच्या पाण्यातले प्रतिबिंब, चांदण्यात न्हालेला घुमट, हे सारे त्या १५ पैशांच्या कार्डावर बारीक अक्षरात बसवले. शेवटी ‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून धन्य झालो’ असेही लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजमहाल नव्हता.

आपल्याकडचे धुके तुम्ही पाहिलेले असेल. ते शेतावर, नदीवर उतरते आणि ऊन वर आले की विरते. उत्तरेतले डिसेंबर-जानेवारीचे धुके निराळे. ते दिवसदिवस हलत नाही. मोठ्या दरवाजाच्या कमानीत मी उभा राहिलो आणि समोर फक्त पांढुरके काहीतरी होते. पुढे काही नाही, वर काही नाही. माणसे त्या पांढऱ्यात शिरत होती आणि नाहीशी होत होती. कोणीतरी आपल्या लहान मुलाला हात करून दाखवत होते, ‘वो देखो’, आणि मूल प्रामाणिकपणे विचारत होते, ‘कहाँ?’

तीन तास थांबलो. मध्ये एकदा बाहेर येऊन चहा घेतला. चहावाला माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘इस बार जाड़ा बहुत है, भैया.’ दोन स्वेटर आणि मामांचा कोट यांमुळे मी फुगलेला दिसत होतो हे खरे, पण अनोळखी माणसाने तोंडावर असे बोलावे याचा राग आला. मी चहा अर्धा टाकून उठलो. आता मी विद्यार्थ्यांना शिकवतो की, हिंदीतला ‘जाड़ा’ म्हणजे हिवाळा, आणि तो संस्कृत ‘जाड्य’ या शब्दापासून आला. गारठ्याने अंगाला येणारे जडत्व असा त्याचा मूळ भाव. आपला ‘जाडा’ त्याच ‘जड’च्या गोतातला. त्याने जडपणा देहाकडे ठेवला, हिंदीने तो हवेकडे दिला. आपल्या ‘जाडा’तला ज दंततालव्य आहे, चहावाल्याचा ज तालव्य होता, तेव्हा नुसत्या कानावरूनही मला फरक कळायला हवा होता. पण कान अजून शिकायचे होते.

शेवटी धुक्यातच पुढे गेलो. बूट काढले. संगमरवराचा गारवा मोज्यांतून टाचेपर्यंत आला आणि तिथेच राहिला; हिव हाडात शिरते म्हणतात ते तेव्हा कळले. हात पुढे केला तर भिंत लागली. आणि धुक्यामुळे जेवढे दिसणे शक्य होते तेवढे, म्हणजे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, एक फूल होते. संगमरवर कोरून त्यात रंगीत दगडाच्या पातळ कपच्या बसवलेल्या. एका पाकळीचे कितीतरी तुकडे, आणि दोन तुकड्यांच्या मधला सांधा नखाला लागत नव्हता. मी बराच वेळ नख फिरवत राहिलो. पत्र्याच्या मापाने पान कातरणाऱ्या आणि कातरलेल्या पानाची एक कड जरी हलली तरी विडी बाजूला टाकणाऱ्या आईला हे काम लगेच कळले असते. पण ते फूल माझ्या शालेय निबंधात नव्हते, म्हणून कार्डावरही आले नाही. कार्ड तर केव्हाच निघून गेले होते.

दिल्लीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. कुतुबमिनार पाहिला, लाल किल्ला पाहिला आणि दोहोंविषयी एकेक कार्ड टाकले. त्यांतली वाक्येही उसनीच. वर्षाचा शेवटचा दिवस रविवारी आला होता. दर्यागंजच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात पदपथावर एक फाटका हिंदी शब्दकोश मिळाला. त्यात पहिला शब्द शोधला तो ‘जाड़ा’. चहावाल्याचा अपमान मी केला होता, त्याने माझा नव्हे, हे तिथे उभ्याउभ्या समजले. भाषाविज्ञानाकडे कसे वळलात, असे कोणी विचारले की मी काहीतरी प्रतिष्ठित उत्तर देतो. खरे उत्तर हे आहे.

काशीत मात्र मराठी माणसाला परके वाटू नये, अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला मराठी घरांची जुनी वस्ती. पैठणच्या एकनाथांनी भागवतावरची आपली मराठी टीका पुरी केली ती १५७३ साली याच नगरीत. विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधले. दुर्गाघाटाजवळच्या एका बोळात मी गडूचा भाव करत होतो. दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून स्वतःशीच पुटपुटलो, ‘लई म्हाग सांगून राह्यला.’

शेजारच्या ओट्यावर एक वृद्ध बाई उन्हाची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. ‘नाशिककडचे का हो तुम्ही?’

मी होय म्हणालो.

‘आमच्या सासूबाई असंच बोलायच्या. पुन्हा बोला बरं.’

मी महाविद्यालयात शिकणारा, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवलेला मुलगा. सिन्नरच्या गल्लीतली भाषा काशीत पकडली गेली, म्हणून कान तापले. मी नीट उभा राहिलो आणि प्रमाण मराठीत म्हणालो, ‘मी म्हणालो की, तो फार महाग सांगत आहे.’

‘ते नव्हे,’ त्या म्हणाल्या. ‘मघाचं.’

मी ते म्हटले नाही. गडू घेतला आणि निघालो. सासूबाईंना जाऊन किती वर्षे झाली होती आणि तो आवाज त्यांनी किती वर्षांनी ऐकला होता, हे विचारायचेही सुचले नाही. दोन शब्द पुन्हा उच्चारायला माझे काय जात होते, हा प्रश्न आज पस्तीस वर्षांच्या जवळपास मनात आहे. त्या दिवशी घरी टाकलेल्या कार्डात मी घाटांचे वर्णन केले. बाईंचा उल्लेख केला नाही.

घरी पोचलो तेव्हा कार्डे माझ्या आधी पोचली होती. बहिणीने ती इतक्यांदा वाचून दाखवली होती की, आग्र्याचे कार्ड आईला पाठ झाले होते. विड्यांचा माल द्यायला जाई तेव्हा ती बरोबरीच्या बायांना ते म्हणून दाखवी: ‘शुभ्र संगमरबर’, ‘चांदन्यात न्हालेला’. तिच्या तोंडी ते शब्द बसत नव्हते आणि त्या न बसण्याचाच तिला अभिमान होता. आपला मुलगा पुस्तकात असते तसे लिहितो! मी तिला काय सांगणार होतो? रात्री जेवताना तिने फक्त एक विचारले, ‘तिथं हिव लई व्हतं का रे?’ मी ‘होतं’ म्हणालो. तो एकच प्रश्न असा होता की, ज्याचे उत्तर मी तासभर खरेखरे देऊ शकलो असतो.

एम.ए.ला असताना विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचला. हे पेणजवळच्या वरसईचे भटजी कर्जापायी, चार पैसे मिळावेत म्हणून १८५७ साली उत्तरेत निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. परतले ते गंगेची कावड घेऊन. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी ती हकीकत लिहून काढली. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ती प्रसिद्ध केली, पण मजकुरात फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून ती छापली, तेव्हा भटजी स्वतः कसे लिहीत होते हे लोकांना दिसले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून अवश्य वाचा. मी त्या वाचल्या आणि मला मत्सर वाटला. त्यांच्या प्रवासाचे मूळ हस्तलिखित तरी शिल्लक होते. माझ्या प्रवासाची सुधारलेली आवृत्ती तेवढी निघाली होती.

आई २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, चारही कार्डे निघाली. प्रवासवर्णनात साधेच लिहावे, आपल्या बोलीत लिहावे, असे मी वर्गात सांगत आलो आहे आणि तुम्हांलाही सांगेन. पण हेही सांगितले पाहिजे की, त्या चारांत सर्वांत जास्त हाताळलेले, कडा मऊ पडलेले आणि तंबाखूचा वास मुरलेले कार्ड आग्र्याचे होते. त्या खोट्या कार्डावर तिने एकवीस वर्षे हात फिरवला होता. मी तिला खरे कधीच सांगितले नाही. सांगायला हवे होते की नाही, याबद्दल माझे मत वर्षागणिक बदलते.

२०१६ साली एका चर्चासत्रासाठी आग्र्याला जाणे झाले. महिना फेब्रुवारीचा, हवा स्वच्छ. त्याच कमानीत उभा राहिलो आणि पहिल्यांदाच ताजमहाल पाहिला. कार्डावर लिहिले होते तो तसाच होता. शुभ्र, आणि पाण्यात उतरलेला. वाक्य खोटे नव्हते, फक्त ते माझे नव्हते. मग गर्दीतून भिंतीपाशी गेलो आणि ते फूल शोधू लागलो. तशी फुले तिथे भिंतभर आहेत. मी चष्मा काढून, नाक भिंतीला लागेल इतका जवळ जाऊन एकेका फुलावर नख फिरवत होतो. मागच्या बाईंनी आपल्या मुलाला हळूच बाजूला ओढून घेतले. ते फूल काही सापडले नाही.