लावण्याचे औषध

आमच्या आक्काच्या हृदयातील मायट्रल झडप बालपणीच्या ऱ्हुमॅटिक फीवरने कायमची अधू करून टाकली होती, आणि पुढे मध्यम वयात पुण्याच्या एका रुग्णालयात ती काढून तिच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसवावी लागली. तेव्हापासून रक्त सहजी गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी रोज सायंकाळी ठरल्या वेळी घेणे हा तिचा नित्यनेम होऊन बसला आहे. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर ती मेंदूकडे जाऊन पक्षाघात घडवू शकते, आणि गोळी प्रमाणाबाहेर लागू पडली तर हिरड्यांपासून आतड्यांपर्यंत कोठूनही रक्तस्राव होऊ शकतो. या दोन संकटांमधील वाट किती अरुंद आहे ते आयएनआर नावाची रक्ततपासणी सांगते, आणि अशा झडपेच्या रुग्णाचा तो आकडा सामान्यतः २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान राहावा अशी वैद्यांची अपेक्षा असते. आक्काने हे सारे विलक्षण निष्ठेने सांभाळले. पालेभाजीसुद्धा एके दिवशी मुबलक आणि पुढे आठवडाभर मुळीच नाही, असे ती होऊ देत नाही, कारण पालेभाजीतील के जीवनसत्त्व त्या गोळीच्या कार्याच्या विरुद्ध जाते, हे तिला पक्के ठाऊक आहे. तिच्या तपासण्यांचे दफ्तर मात्र माझ्याकडे असते. तहसील कचेरीत उभा जन्म कागद लावण्यात गेल्यामुळे ते काम मी आपण होऊन पत्करले.

वयपरत्वे तिच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजत गेली आणि वाईच्या घाटाच्या पायऱ्या उतरून कृष्णेच्या पाण्याला हात लावून येण्याचा तिचा जुना परिपाठ प्रथम खंडित आणि मग बंद झाला. उजवा गुडघा विशेष दुखे. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांना डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला होता. त्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात आणि रक्तातील बिंबिकांच्या कार्यात व्यत्यय आणतात, तेव्हा वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने त्या घेणे म्हणजे रक्तस्रावाला दोन्ही बाजूंनी वाट मोकळी करून देणे होय, असे त्यांनी तिला समजावून सांगितले होते आणि ती ताकीद तिने अक्षरशः पाळली. अशा स्थितीत शेजारच्या एका सत्शील सूनबाईंनी, आक्काला उठता-बसता होणारे कष्ट पाहवेनात म्हणून, आपल्या घरातली दुखण्यावरची मलमाची नळी तिला आणून दिली. मलम लावताच गारवा येई, उग्र सुवासाने खोली भरून जाई आणि घटकाभर गुडघा हलका वाटे. साहजिकच दोन्ही गुडघे, कंबर आणि खांदे यांवर दिवसातून अनेकदा ते चोळले जाऊ लागले, आणि रात्री त्यावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही सुरू झाला.

काही दिवसांनी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि दंडावर, कोठे आपटल्याची आठवण नसताना, काळेनिळे डाग उमटले. तपासणीत आयएनआरचा आकडा ५ च्या वर गेलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी तात्पुरती थांबवली, फेरतपासणीची मुदत घालून दिली आणि सगळी कैफियत पुन्हा पहिल्यापासून विचारली: गोळी चुकून दोनदा घेतली का, ताप आला होता का, एखादे जंतुनाशक औषध घेतले का, नवे असे कोणतेही औषध सुरू केले का. आक्काने प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि तिच्या दृष्टीने ते उत्तर सर्वथा खरे होते. खोलीत दरवळणारा वास डॉक्टरांच्याच ध्यानात आला. ‘आक्का, अंगाला काही लावता का?’ असे त्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘ते होय! ते काही औषध नव्हे, ते नुसते लावायचे.’

त्या नळीवरील तपशील मी भिंगातून वाचून दाखवला. डायक्लोफेनॅक, जवसाचे तेल, मेथिल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के. आक्का ज्या वासाला गुण समजत होती तो वास मेथिल सॅलिसिलेटचा आणि जो गारवा तिला आराम वाटत होता तो मेंथॉलचा. हे मेथिल सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्याच कुळातले आहे. ते त्वचेतून चांगलेच शोषले जाते, आणि वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांनी ते अंगाला भरपूर चोळल्यावर आयएनआर वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकात पूर्वीपासून आहेत. जितके क्षेत्र मोठे, जितक्या वेळा लावणे अधिक आणि वर जितकी उष्णता, तितके ते अधिक आत जाते. आक्काच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. पोटात घेतलेल्या प्रत्येक गोळीचा कागदोपत्री हिशेब ठेवणारी ही बाई, आणि त्वचेवाटे रोज शरीरात येणारे एक औषध तिच्या गणतीतच नव्हते. मी पुढे ओळखीच्या कितीतरी घरांत विचारून पाहिले. रक्तदाबाची गोळी सांगतात, मधुमेहाची सांगतात, परंतु गुडघ्याला रोज लावतो ते मलम कोणी आपण होऊन सांगत नाही. आपली त्वचा ही भिंत आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती जकातनाक्यासारखी आहे, पुष्कळ माल ती अडवते, पण काही माल रीतसर आत सोडते, आणि तो किती सोडला याची नोंद आपण ठेवली नाही म्हणून तो आत आला नाही असे होत नाही.

आकडा पूर्ववत झाल्यावरही गुडघ्याचा प्रश्न उभा होताच. डॉक्टरांनी विचारपूर्वक एक मार्ग काढला: ज्यात डायक्लोफेनॅकवाचून दुसरे वेदनाशामक नाही असे साधे जेल, केवळ उजव्या गुडघ्यावर, दिवसातून दोन वेळा, थोड्या दिवसांची मुदत घालून, आणि सुरू केल्यापासून आठवडाभरात आयएनआरची तपासणी. अशा रुग्णाने हेसुद्धा आपल्या मनाने सुरू करायचे नाही, हे त्यांनी पुन्हा बजावले.

या औषधाचे कार्य मी जमेल तेवढे समजून घेतले. दुखावलेल्या किंवा झिजलेल्या सांध्यात शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करते आणि त्यांच्यामुळे सूज, उष्मा आणि वेदना वाढतात. ॲस्पिरिन व तत्सम औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या शोधाबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. डायक्लोफेनॅक हे स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी या कंपनीत सिद्ध झालेले त्याच वर्गातील औषध. हीच प्रोस्टाग्लँडिने जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात, म्हणून ज्या गोळीने गुडघा शांत होतो तीच पोट व मूत्रपिंड यांना बाधू शकते. जेल एका गुडघ्याला पूर्ण प्रमाणात लावले तरी रक्तात पोहोचणारे औषध गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्केच असते. हे प्रमाण अल्प आहे, आणि म्हणूनच वृद्धांना गोळीऐवजी जेल देणे श्रेयस्कर ठरते. परंतु अल्प म्हणजे शून्य नव्हे, आणि हातात दोन निरनिराळ्या नळ्या असतील, किंवा जेलच्या जोडीला त्याच वर्गातील गोळीही चालू असेल, तर त्यांची बेरीजच होते.

या नव्या जेलच्या नळीवर ‘डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के’ असे होते, आणि अमेरिकेतील भाच्याने पाठवलेल्या नळीवर ‘डायक्लोफेनॅक सोडियम १ टक्का’. आक्काला वाटले आपले अधिक जहाल आहे. दोन्हींतील औषध समप्रमाणच आहे, क्षार तेवढा वेगळा. त्या परदेशी खोक्यात मोजणीसाठी एक पारदर्शक पट्टी होती, तिच्यावर रेषा आखलेल्या: हाताच्या, मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यास एका वेळी २ ग्रॅम, गुडघा, घोटा किंवा पाऊल यांस ४ ग्रॅम, अशा वेळा दिवसातून चार, आणि साऱ्या शरीरावर मिळून दिवसाकाठी ३२ ग्रॅमच्या वर नाही. ४ ग्रॅम म्हणजे पट्टीवर ४.५ इंच लांबीची रेघ होते. बोटावर वाटाण्याएवढे घेऊन लावायचे आणि मग गुण येत नाही म्हणून कुरकुर करायची, किंवा त्याच्या उलट अर्धी नळी अंगभर फासायची, या दोन्ही रीती मी पाहिल्या आहेत. मोजून लावणारा माणूस विरळा. आक्कासाठी डॉक्टरांनी ठरवलेले प्रमाण या कमाल मर्यादेहून पुष्कळच कमी होते, आणि तेवढेच त्या पट्टीवर घेऊन ती लावी.

लावण्याची रीत वरवर क्षुल्लक, पण तिच्यातच बहुतेक सुरक्षितता सामावलेली आहे. त्वचा धुतलेली, कोरडी आणि अखंड हवी; ओरखडा, पुरळ किंवा जखम असेल तेथे जेल लावायचे नाही. जेथे दुखते तेवढ्या बिंदूवर न लावता गुडघ्याच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हलक्या हाताने पसरायचे. रगडण्याने औषध अधिक गुणकारी होत नाही. साधारण दहा मिनिटे ते उघडे वाळू द्यायचे, मग वस्त्र. आणि तासभर स्नान नाही. वर तेल किंवा लेप लावायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, शेक द्यायचा नाही. यातील शेकाची बंदी आक्काला सर्वांत जड गेली, कारण निर्गुडीच्या पाल्याचा शेक आमच्या आईपासून चालत आलेला. तेव्हा शेक हवा असेल तर त्या वेळी जेल नाही, अशी तडजोड ठरली. पौषात अंगणात उन्हाला पाय पसरून बसण्याची तिची सवयही आम्हांला बदलावी लागली, कारण जेल लावलेल्या त्वचेला ऊन लागू द्यायचे नाही अशी सूचना आहे. हातांचे म्हणाल तर, लावून होताच बोटे प्रथम कागदाने पुसून तो कागद केराच्या डब्यात टाकायचा आणि नंतर हात साबणाने धुवायचे: त्याच हातांनी पुढे कणीक मळायची असते, डोळे चोळले जातात, नातवंडांना भरवले जाते. नुसते धुतले तर औषध मोरीतून ओढ्या-नदीत जाते. पुसून धुतले तर त्यातले बरेचसे कागदावर राहते. बोटांच्याच सांध्यांना लावले असेल, तर मात्र तासभर हात धुवायचे नाहीत.

घरात मांजर होते, आणि आक्का बसली की ते तिच्या पायांशी अंग घासून तिचे गुडघे चाटू लागे. मांजरांच्या शरीराला या वर्गातील औषधे नीट पचवता येत नाहीत. फ्लर्बिप्रोफेन नावाचे असेच एक औषध मालकांनी आपल्या अंगाला लावलेले असताना त्यांच्या संपर्कातील मांजरे आजारी पडली व काही मेली, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला होता. म्हणून जेल लावायच्या वेळी मांजर बाहेर. आमच्या मूळ गावचा एक कुळवाडी उरलेली नळी बैलाच्या सुजलेल्या खांद्यासाठी मागायला आला, तेव्हा मी ती दिली नाही आणि त्याला गुरांच्या दवाखान्याची वाट दाखवली. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडे या देशातून शेकडा ९९ हून अधिक नाहीशी झाली, आणि २००६ मध्ये सरकारला गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घालावी लागली. नळीतून बैलाच्या अंगात कितीसे गेले असते याचा हिशेब मी मांडत बसलो नाही. लहानपणी गावाबाहेरच्या माळावर ज्यांचे थवे उतरताना पाहिले, ते पक्षी आता तेथे दिसत नाहीत, एवढे मला पुरे होते.

गुण आला का, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. पहिल्या दोन-चार दिवसांत आक्काला काहीच वाटले नाही, कारण या जेलला ना तो उग्र वास, ना तो गारवा. पूर्ण परिणाम दिसायला सात दिवसांपर्यंत लागू शकतात हे ठाऊक असल्यामुळे आम्ही मात्रा वाढवली नाही. पुढे जमिनीवरून उठताना तिचा हात भिंत शोधेनासा झाला. दीर्घकालीन सांधेदुखीवरच्या चाचण्यांचा जो साकल्याने घेतलेला कॉक्रेन आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात डायक्लोफेनॅक लावणाऱ्या शंभरांपैकी सुमारे साठ जणांना पुरेसा आराम पडला, आणि औषधाविना नुसते जेल लावणाऱ्यांपैकी सुमारे पन्नासांना. म्हणजे हा चमत्कार नव्हे. पण गोळीची वाट बंद असलेल्या वृद्धेसाठी तो फरकही मोलाचा आहे. गुडघा आणि हाताची बोटे यांचे सांधे त्वचेजवळ असल्यामुळे तेथे हे लागू पडते. खुब्यासारख्या खोल सांध्यापर्यंत ते नीट पोहोचत नाही. ठरलेल्या दिवशीच्या तपासणीत आयएनआर मर्यादेत निघाला आणि मी दफ्तरातील औषधांच्या यादीत, वॉरफरिनच्या खाली, जेलचे नाव, प्रमाण आणि मुदत लिहिली.

यानंतर धाकटी भाची सातव्या महिन्यात डोहाळजेवणासाठी आली. तिची कंबर दुखत होती. फडताळातली नळी तिने हातात घेतली, तोच आक्काने ती काढून घेतली. ‘तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय नाही,’ ती म्हणाली, ‘आणि विचारताना हे लावायचे आहे म्हणून बिचकू नकोस, औषध घ्यायचे आहे असेच सांग.’ गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत या वर्गातील औषधांनी गर्भाच्या हृदयाजवळची, जन्मानंतरच मिटायची असलेली, एक रक्तवाहिनी अकाली मिटू शकते आणि गर्भाशयातील पाणीही कमी होऊ शकते, हे मी पत्रकात वाचले होते. आक्काने ते माझ्याकडून एकदाच ऐकलेले. भाचीने तेथूनच दूरध्वनी केला. डॉक्टरीणबाईंनी जेल लावू नये असे सांगितले, कमरेला सोसेल इतका कोमट शेक आणि कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी घेण्यास सुचवले, आणि तेवढ्याने न भागल्यास पॅरासिटामॉल किती व केव्हा घ्यावे तेही सांगून दुसऱ्या दिवशी तपासणीस बोलावले.