दुभाष्याचे काम

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शिक्षणाच्या अखेरीस काही आठवडे परदेशी रुग्णालयात घालवावेत, अशी ब्रिटनमध्ये जुनी रीत आहे. तिला ते ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. ठिकाण विद्यार्थ्यानेच निवडायचे असते, आणि पुष्कळांची निवड आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या, साधनांची वानवा असलेल्या एखाद्या गावी जाऊन थांबते. तेथे रोग पुस्तकातल्यासारखे पूर्ण वाढलेले पाहायला मिळतात, असे कारण सांगतात. ते खरेही आहे. मात्र रोग पूर्ण वाढतो तो उपचार वेळेवर न मिळाल्याने, हे त्या वाक्यात येत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची नात लेस्टरहून सहा आठवड्यांसाठी रायपूरला आली. आमचे घर पुरानी बस्तीत, महामायेच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. भोसल्यांच्या अमदानीत इकडे आलेल्या कुटुंबांपैकी आमचे एक. मुलीचे मराठी स्वयंपाकघरापुरते, हिंदी सिनेमापुरते, छत्तीसगढी तर शून्य. एका धर्मादाय दवाखान्यात तिची सोय झाली होती. “आजोबा, तुम्ही माझे दुभाषी,” असे सांगून तिने माझी नेमणूकही परस्पर करून टाकली.

पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाली, “हाथ-गोड़ पिराथे.” हातपाय दुखतात, असे मी सांगितले. कधीपासून, असे विचारताच बाईने लहानपणापासूनच्या थंडीच्या दिवसांचा पाढा वाचला. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. छत्तीसगढात या आजाराचे नाव पुष्कळ घरांत ठाऊक असते; मुलीच्या पुस्तकात तो मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांचा होता. (१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिकनी या आजाराचे पहिले वर्णन छापले, तेव्हा त्यांचा रुग्ण होता ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. त्या खेपेला परदेशी विद्यार्थी खाटेवर होता, एवढेच.)

दवाखान्यात एकदा कोणीतरी तिच्यापुढे सुई-दोरा केला. “घाल टाके, इथे कोण विचारतो?” तिने हात मागे घेतला. तिच्या देशात जे करण्याची तिला मुभा नव्हती, ते इथल्या कातडीवर करून पाहायला ती तयार नव्हती. त्यानंतर प्रत्येक रुग्णाला आधी सांगायचे, असा तिने दंडकच घातला: ही डॉक्टर नाही, शिकते आहे, बसू दे का? एका म्हातारीने तिला नखशिखांत न्याहाळले आणि म्हटले, “सीखे बर आए हस त बइठ, नोनी.” दोघांनी मात्र नको म्हटले. ती निमूट बाहेर जाऊन बसली. नाही म्हणता येते, हे त्या दोघांना कोणी पूर्वी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

परदेशी वैद्यकसेवेचा विषय निघाला की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच जणांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत असे. कोटणीस शिकाऊ नव्हते, पदवीधर होते, हे खरे. पण त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, तीत विद्यार्थ्यांना शिकवले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. सहा आठवड्यांच्या पाहुणीकडून तेवढे कोणी मागणार नाही. निदान शंभर शब्द तरी शिकून यावेत, असे मी तिला म्हटले. जाईपर्यंत तिचे साठ झाले होते.

आमच्या शेजारचा एक मुलगा येथेच वैद्यक शिकतो. “मी तुमच्याकडे सहा आठवडे येऊ शकेन?” असे त्याने तिला विचारले. तिने चौकशी केली. शुल्क, व्हिसा, विमा, राहण्याचा खर्च मिळून जो आकडा झाला, तो त्याने वडिलांना सांगितलाच नाही. इथून तिकडे जाणारा रस्ता हा असा आहे. पाहुणचाराची परतफेड कोणत्या खात्यातून व्हायची, हे तिच्या महाविद्यालयाच्या कागदांत मला सापडले नाही.

तो मुलगा सुटीत बस्तरला गेला. तीनशे किलोमीटरांवरची गोंडी त्याला चिनीइतकीच परकी. तिथल्या मितानिनीने त्याला वही काढायला लावली आणि ताप, जुलाब, दुखणे यांचे शब्द एकेक करून घोकून घेतले.