चैत्रातील वेताळ टेकडी

पुण्याच्या पश्चिमेस लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, पाषाण आणि कोथरूड यांच्या मधोमध पसरलेल्या डोंगराला आपण वेताळ टेकडी म्हणतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या तिच्या माथ्यावर वेताळबाबाचे मंदिर आहे, एका अंगाला जुन्या दगडखाणीत साठलेले पाणी आहे, आणि सभोवार कातळ, मुरूम, गवत व झाडी आहे. बराचसा भाग वन विभागाच्या ताब्यात आहे. येथे तिकीट नाही, कारंजे नाही, रंगवलेली बाके नाहीत. तरीही भल्या पहाटेपासून येथे येणाऱ्यांची वर्दळ पाहिली म्हणजे पुण्याचे खरे सार्वजनिक उद्यान हेच, असे मला वाटते.

बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यापासून मी या टेकडीवर नियमाने जातो. आपल्या वाचकांपैकी पुण्यातील अनेक कुटुंबे तेथे फिरावयास येतात. मार्केट यार्डातील, लक्ष्मी रस्त्यावरील ओळखीचे चेहरे तेथे भेटतात आणि "जय जिनेंद्र" म्हणून पुढे सरकतात. पण आज मला लिहावयाचे आहे ते फिरणाऱ्यांविषयी नव्हे. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन चढ चढणाऱ्यांविषयी, आणि तेही वसंत ऋतूतील.

टेकडीवर वसंत लवकर येतो. माघ संपता संपता काटेसावरीला लाल फुले लागतात, मग पांगारा आणि पळस. मोईच्या झाडाला एकही पान नसते, पण फांद्यांच्या टोकांना मोहराचे तुरे लोंबतात. चैत्रात करंजाला कोवळी पालवी फुटते, कडुनिंब फुलतो, आणि वैशाखाकडे जाताना बहावा पिवळाधमक होतो. दुरून पाहणाऱ्याला हा उत्सव वाटतो. परंतु ज्यांनी आषाढात रोपे लावली, त्यांच्या दृष्टीने हाच काळ परीक्षेचा असतो. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या महिन्यांत. पुढे सात-आठ महिने टेकडीवर आकाशातून काही मिळत नाही. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर वीतभर, कोठे तेवढाही नाही. ओल टिकावी कोठे?

बँकेत असताना मी कर्जमेळावे पाहिले आहेत. मंडप, हारतुरे, छायाचित्रे, भाषणे. कर्जवाटप मोठ्या थाटात होई. पुढे हप्ते वसूल करण्यास जो निरीक्षक गावोगाव सायकलने फिरे, त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही. वृक्षारोपणाचेही असेच आहे. जुलैमध्ये टेकडीवर बसगाड्या येतात, एकसारख्या टोप्या घातलेले लोक उतरतात, फलक धरला जातो, तासाभरात शेकडो रोपे खड्ड्यांत जातात. पुढच्या मार्चमध्ये त्यांतील एकही माणूस तेथे दिसत नाही. रोपाच्या जागी वाळलेली काडी आणि तिला बांधलेली नावाची पट्टी तेवढी उरते. मला विचाराल तर पहिल्या तीन उन्हाळ्यांचे पाणी कोण घालणार, हे लेखी दिल्यावाचून कोणालाही टेकडीवर रोप लावू देऊ नये.

या पाण्याचा हिशेब आपल्या व्यापारी वाचकांना आवडेल. नोव्हेंबरच्या आरंभापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत साधारण ३२ आठवडे होतात. एका रोपाला आठवड्याला ५ लिटर धरले तर एका हंगामात १६० लिटर. शंभर रोपांना १६,००० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन; दोन हातांत पाच-पाच लिटरचे कॅन धरून माणूस एका फेरीत १० लिटर वर नेतो. म्हणजे शंभर रोपांसाठी एका हंगामात १,६०० फेऱ्या. आकडा ऐकून छाती दडपते. पण वीस माणसांत वाटला तर प्रत्येकी ८० फेऱ्या, म्हणजे आठवड्याला अडीच. मी ज्यांच्याबरोबर जातो, त्या गटाचे सारे गणित या 'अडीच'वर उभे आहे. कोणी रोज एक फेरी करतो, कोणी फक्त रविवारी तीन करतो. एका किराणा व्यापाऱ्याने दुकानातील खाद्यतेलाचे रिकामे कॅन दिले आहेत. ते राखेने घासून पायथ्याशी ओळीने मांडलेले असतात. फिरावयास आलेला कोणीही एक कॅन भरून वर नेऊ शकतो आणि उतरताना रिकामा परत आणतो. उधारीची नोंद नाही, तरी कॅन फारसे बुडत नाहीत!

टँकर का मागवत नाही, असे नवखा माणूस हमखास विचारतो. टँकर रस्त्यापर्यंत येईल, पुढे पायवाटच आहे. शिवाय चैत्र-वैशाखात शहराच्या कडेच्या वस्त्यांना प्यावयाचे पाणी टँकरने मिळत असताना टेकडीने टँकर मागावा, हे गटातील कोणालाच प्रशस्त वाटत नाही.

पाणी ओतण्यालाही शास्त्र आहे. भर्रकन ओतले तर ते मुरमावरून वाहून जाते. म्हणून रोपाभोवती उताराच्या खालच्या अंगाला दगडांची अर्धगोल ताल रचतात, आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालतात आणि पाणी दोन वेळा, थांबून थांबून देतात. पालापाचोळा हे टेकडीचे मुदत ठेवीतले धन आहे. सोसायट्यांच्या आवारात तो झाडून जाळला जातो, हे पाहून मला अजूनही चीड येते. गटातील दोन गृहिणी आपापल्या सोसायटीतील पाने पोत्यांत भरून रिक्षाने पायथ्याशी आणतात. त्यांच्या घरच्यांना आरंभी हे वेड वाटले होते. आता मुले पोती उचलू लागतात.

वसंतातील मोठा शत्रू म्हणजे वणवा. गवत फाल्गुनापासून कोरडे ठणठणीत होते. विडीचे थोटूक, कोणी पेटवलेला कचरा, एवढे पुरते. वन विभाग यासाठी जाळरेषा आखतो, म्हणजे ठरावीक पट्ट्यातील गवत आधीच जाळून काढतो, जेणेकरून आग तेथे येऊन थांबावी. आमचा गट आपल्या रोपांभोवतीचा पट्टा न जाळता खुरप्याने आणि दाताळ्याने मोकळा करतो. काम दुप्पट पडते, पण गवतातले किडेमुंगी, सरडे यांना निसटून जाण्यास अवसर मिळतो. गेल्या फाल्गुनात एका दुपारी वारा फिरला आणि आग तो पट्टा ओलांडून आत आली. कोणीतरी दूरध्वनी केला, अग्निशमन दलाचे व वन विभागाचे लोक आले, जवळ राहणारी आमची मंडळी हिरव्या फांद्या घेऊन धावली. फांदीने झोडपून गवताची आग विझवणे दिसते तितके सोपे नाही; धुराने डोळे उघडत नाहीत आणि चपलेचा तळ पघळतो. तासाभरात आग आटोक्यात आली. तोवर तीन वर्षे जोपासलेल्या रोपांचा एक संपूर्ण पट्टा काळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे तेथे जमले. रोपांची नोंदवही माझ्याकडे असते. बँकेच्या भाषेत बोलावयाचे तर ही खाती आता निर्लेखित करावीत आणि ते पाणी जिवंत रोपांना द्यावे, असे मी सुचवले. उन्हाळा पुढे होता आणि माणसे तेवढीच होती. गटाचे काम पाहणारे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे निवृत्त अध्यापक आहेत. ते म्हणाले, "साहेब, पळस, आपटा, बहावा यांचा जीव मुळात असतो. वर जळाले म्हणजे गेले असे नाही. पाडव्यानंतर पंधरा दिवस द्या." त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना ते भावनेच्या भरात बोलत आहेत असे वाटले. अखेर अर्धे पाणी तिकडे द्यावयाचे ठरले. काळ्या खुंटांना कॅनभर पाणी घालणाऱ्यांकडे फिरावयास येणारे लोक वेड्यासारखे पाहत. गुढीपाडवा झाला, महावीर जन्मकल्याणक झाले. मिरवणुकीच्या दिवशी आमच्यातील काहीजण पहाटे पाचलाच पाणी घालून खाली उतरले आणि सातला मिरवणुकीत सामील झाले. त्याच आठवड्यात पहिल्या पळसाच्या बुंध्याशी तांबूस, मखमली लवेची तीन पाने दिसली. मग आपटा, मग बहाव्याची दोन रोपे. सगळी आली नाहीत. नोंदवहीत बऱ्याच नावांपुढे अखेर काट मारावी लागली. पण ज्यांपुढे ती मारलेली नाही, त्यांची संख्याही मोजण्याइतकी आहे.

आता एका नाजूक विषयाकडे येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीचे काही उतार फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. छायाचित्रे काढणाऱ्यांची तेथे गर्दी होते. ती झाडे गिरिपुष्पाची. मूळची मध्य अमेरिकेतील ही जात काही दशकांपूर्वी उजाड टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून मोठ्या प्रमाणावर लावली गेली. तिच्या 'ग्लिरिसिडिया' या लॅटिन नावाचा अर्थच उंदीर मारणारी. मराठीत उंदीरमारी म्हणतात ती हीच. ती झपाट्याने वाढते आणि दाट वाढली की खालच्या गवताला ऊन मिळत नाही. टेकडीचे गवत म्हणजे मोकळी पडलेली जागा नव्हे. तित्तिर, चंडोल, टिटवी यांचे ते घर आहे. म्हणून गवताळ माथ्यावर नवी झाडे लावू नयेत आणि तेथे पसरणारी गिरिपुष्पाची कोवळी रोपे वन विभागाच्या संमतीने उपटावीत, असे अध्यापकांचे म्हणणे आहे.

गटात नित्य सामायिक करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले, "भाऊ, मी पाणी घालीन, आळी नीट करीन, पोती वाहीन. जिवंत रोप उपटण्याचे काम मला सांगू नका. तोही वनस्पतिकायाचा जीवच आहे." अध्यापक म्हणाले, "ताई, तुम्हाला कोणी सांगणार नाही. पण ते रोप राहिले तर गवत जाईल, आणि गवत गेले तर पक्षी जातील. तो हिशेब मी कोणाच्या नावावर मांडू?" ताई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही करता ते अडवणारी मी कोण? पण माझ्या हातून नको." या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही, आणि दोघांपैकी कोणालाही चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. व्यवहारात मात्र तोडगा निघाला. उपटण्याचे काम दुसरे करतात. ताईंकडे गवताळ माथ्यावरून जाणाऱ्या वाटेची देखरेख आली, आणि त्या कामाला त्यांच्याइतके योग्य माणूस दुसरे नव्हते.

त्याचे कारण टिटवी. मार्चपासून टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटे म्हणजे खड्यांमधला उथळ खळगा. मातकट रंगाची, काळसर ठिपक्यांची अंडी दगडांत मिसळून जातात. पाण्याचा कॅन घेऊन मान खाली घालून चालणाऱ्याचा पाय त्यांवर सहज पडावा. ताई प्रत्येक पाऊल जयणेने टाकतात, खाली पाहूनच चालतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की त्या जागच्या जागी थांबतात, मागे फिरतात आणि दुरून चार दगड ठेवून वाट वळवतात. या चैत्रात त्यांनी आमची नेहमीची वाट तीन ठिकाणी वळवली. त्यामुळे प्रत्येक फेरी थोडी लांबली आणि माझ्या 'अडीच'च्या गणितात फरक पडला, ही गोष्ट वेगळी.

टेकडीवर मोठे प्रश्नही आहेत. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत तिच्या अंगावरून रस्ता नेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यातच, त्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. वाहतुकीची कोंडी मलाही दिसते. पण तीन उन्हाळे पाणी वाहिलेल्या माणसाला नकाशावरची रेघ निराळी दिसते, एवढे खरे.

ज्या वाचकांना यावेसे वाटेल, त्यांनी सकाळी सहाच्या आत यावे. नऊनंतर कातळ तापतो. पायांत बूट असावेत, कारण हिवराचे काटे चपलेतून वर येतात. सोबत लहान मुले असतील तर त्यांना एक लिटरची बाटली द्यावी, पाच लिटरचा कॅन देऊ नये. ती हट्टाने उचलतात आणि मध्येच ठेवून देतात. पक्ष्यांसाठी मातीचे पसरट भांडे आणावयाचे असल्यास ते रोज घासून भरण्यास कोण येणार, हे आधी ठरवावे. आणि मोरांना शेव, फरसाण किंवा बिस्किटे घालू नयेत. पहाटे ते स्वतःच गवतात आपले खाद्य शोधत असतात.