आपलाच मिस्त्री, आपलीच गाडी... मग बिल कोणाचं?

नवी गाडी घेतली की शोरूमवाले पेढे देतात, हार घालतात, मोठ्ठी चावी हातात देऊन फोटो काढतात. पण गाडीवाल्याचं खरं नातं जुळतं ते नंतर, गॅरेजवाल्याशी! डॉक्टर, न्हावी आणि मिस्त्री सारखे बदलू नयेत म्हणतात. छोट्या शहरात तर ते बदलता येतच नाहीत. कारण मिस्त्री नुसता मिस्त्री नसतो. तो कोणाचा तरी मेहुणा असतो, कोणाचा तरी वर्गमित्र असतो आणि पुढच्या लग्नात पंगतीला आपल्या शेजारीच बसणार असतो.

आमचं गाव बीड. शहरात रेल्वे आली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंत पुण्याहून घरी जायचं म्हणजे एसटी, ट्रॅव्हल्स, नाहीतर स्वतःची गाडी. त्यामुळे आमच्याकडे गाडी ही चैन नाही, गरज आहे. अण्णांचा मिस्त्री गेली बारा वर्षं एकच. हिशेब तोंडी, बिल अंदाजे, चहा मात्र नक्की.

मागच्या उन्हाळ्यात एसी गार पडेना. मिस्त्री म्हणाले, कंडेन्सर लीक आहे. नवा टाकला, गॅस भरला, ६,५०० रुपये घेतले. गाडी मस्त थंड! दुसऱ्या दिवशी आई, अण्णा आणि मी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. घाटापर्यंत रस्ता सपाट, काहीच त्रास नाही. घाट चढायला लागलो आणि आधी एसीतून गरम हवा आली, मग टेम्परेचरचा काटा सरसर वर गेला. घाटात बाजूला घ्यायला जागा मिळेपर्यंत बॉनेटमधून वाफ! आईला उन्हात दगडावर बसवून आम्ही तासभर क्रेनची वाट पाहिली. तिला बीपीचा त्रास आहे. त्या एका तासाचा राग मला आजही येतो.

बॉनेट उघडलं तेव्हा रेडिएटरच्या फॅनचा प्लग सुटून लोंबकळत होता. मी मोबाइलवर फोटो काढले. पुढे कळलं ते इतकंच, की हेड गॅस्केट गेलं. खर्च १८,००० रुपये.

मिस्त्रींचं म्हणणं, "ताई, मी एसीचं काम केलं. गाडी गरम झाली इंजिनमुळं. दोन्हीचा काय संबंध ओ?"

संबंध होता, बॉस! एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे बसतो आणि एकच फॅन दोघांतून हवा ओढतो. कंडेन्सर बदलताना त्या फॅनचा प्लग काढावा लागला होता. सपाट रस्त्यावर वेगामुळे वारा आपोआप मिळतो, फॅन बंद असला तरी भागतं. घाटात गाडी हळू, इंजिनवर लोड जास्त, वारा कमी. तिथे फॅनशिवाय इलाज नाही. म्हणून तर एसी आणि इंजिन दोन्ही तिथेच रुसले.

"पण गॅरेजमध्ये फॅन चालू होता की. तुमच्या अण्णांसमोर एसी थंड करून दिला," मिस्त्री म्हणाले. "रस्त्याला खड्डे किती हायेत! हादऱ्यानं सुटला असंल प्लग. त्याला मी काय करू?"

खरी गोम इथेच आहे. त्यांचं बोलणं पटण्यासारखं होतं आणि माझंही. हे सगळं चालू असताना ते बघत मात्र अण्णांकडे होते, जणू मी तिथे नव्हतेच! आणि अण्णा? ते जमिनीकडे बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "सोड ना. माणूस वाईट नाही. देऊन टाकू पैसे."

मला पैशांपेक्षा ते खाली बघणं जास्त लागलं. माणूस चांगला आहे म्हणून प्रश्न विचारायचाच नाही का? हे राज्य ग्राहक चळवळीचं! बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ती काय वाईट माणसांशी भांडायलाच?

मग मी वाचायला घेतलं. दुरुस्तीला दिलेली गाडी स्वतःची असल्यासारखी जपणं ही गॅरेजवाल्याची जबाबदारी, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. पण तिथेही प्रश्न एकच, नेमकं कोणी काय केलं? गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ च्या मॉडेलऐवजी २००९ ची गाडी दिली गेली होती. हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं, विक्रेत्याने केलेल्या गोष्टीला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. कंपनीचा हात होता हे दाखवावं लागेल. म्हणजे राग कितीही खरा असो, बोट नेमकं ठेवता आलं पाहिजे.

मी फोटो मोठे करून पाहिले. प्लगचं लॉक तुटलेलं होतं! मी एका पानावर कामाची तारीख, काम, घाटात काय झालं ते क्रमाने लिहिलं, फोटो जोडले आणि मिस्त्रींना दिलं. आरोप एकही नाही. शेवटी एकच प्रश्न : लॉक तुटलेला प्लग तसाच परत का बसवला?

त्यांनी पान दोनदा वाचलं. या वेळी माझ्याकडे बघून म्हणाले, "जुनं प्लास्टिक काढतानाच तुटतंय ताई. टाय मारायला पायजे होता." मग हिशेब झाला. मजुरी आणि हेडचं काम त्यांचं, पार्ट्स आमचे. आमच्या वाट्याला ७,५०० आले. कायद्याने कदाचित आणखी मिळालं असतं. पण अण्णा त्या दिवशी तिथे चहा प्यायले, मान वर करून.

आता ते गाडी देताना स्वतःच म्हणतात, "काय काय काढणार ते लिहून द्या ओ मिस्त्री, पोरगी विचारती." मिस्त्रीही हसत लिहून देतात. नातं कुठेच गेलं नाही.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी गाडी टाकायला जाल तेव्हा चहा नक्की घ्या. फक्त तो येईपर्यंत तारीख, किलोमीटर, काम आणि अंदाजे खर्च अशा चार ओळी लिहून घ्या. गॅरेजवाला आपलाच असेल तर आठवणीने!